चॉकलेटी गाठ : मिरज ते ऑल्बनी

१८९४. मिरज संस्थानात डॉ. विल्यम वानलेस यांचे इस्पितळ उघडले. कॅनडात जन्मलेले हे शल्यविशारद १८८९ मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे प्रथम सांगलीस आले होते. सांगली-मिरज मार्गावरील वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते.

त्या काळी ओटीपोटातील व्याधीची खात्री पोट उघडल्यावाचून होत नसे. ‘बाईच्या जातीला हे सोसावेच लागते’ असे म्हणून मासिक पाळीतील मरणप्राय वेदना घराघरांत गाडल्या जात. त्यामुळे शस्त्रक्रियागृह असलेले गाव हीच मोठी गोष्ट होती.

या वेदनेमागील एका रोगाचा उलगडा मात्र न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे झाला. १९२१ मध्ये डॉ. जॉन सॅम्पसन यांनी अंडाशयातील जुन्या, काळपट रक्ताने भरलेल्या ‘चॉकलेट’ गाठींचे वर्णन केले. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजते, हा तो रोग : एंडोमेट्रिओसिस. पाळीचे रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात उतरते, ही त्यांची १९२७ ची उपपत्ती अजूनही अभ्यासली जाते.

१९२५ मध्ये त्यांनी अधिक अस्वस्थ करणारा प्रश्न मांडला : याच ऊतीतून कर्करोग उद्भवतो काय? पुराव्याच्या अटी त्यांनी कडक ठेवल्या. दोन्ही एकाच अंडाशयात हवेत. कर्करोग तेथेच उपजलेला हवा, अन्यत्रून आलेला नव्हे. १९५३ मध्ये स्कॉट यांनी भर घातली की एकातून दुसऱ्यात होणारे संक्रमणही सूक्ष्मदर्शकाखाली दिसले पाहिजे.

मधल्या काळात येथील नकाशा बदलला. सांगली, मिरज ही संस्थाने विलीन झाली. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले.

सॅम्पसन यांच्या शंकेला आकडे मिळाले ते २०१२ मध्ये. १३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांत अंडाशयाच्या ‘क्लिअर सेल’ कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट, ‘एंडोमेट्रिऑइड’ प्रकाराचा दुप्पट आढळला. हे ‘तिप्पट’ ऐकून घाबरण्यापूर्वी मूळ आकडा पाहावा. पाश्चात्त्य देशांत अंडाशयाच्या कर्करोगाचा आयुष्यभराचा धोका १०० स्त्रियांमागे सुमारे १.३ आहे, या रोगासह तो २ च्या आतच राहतो.

ज्या गाठीसाठी सॅम्पसन यांना पोट उघडावे लागे, ती आता कराड वा विट्याच्या सोनोग्राफीत बहुधा दिसते. पोटाच्या आवरणावरील बारीक ठिपके मात्र तेथेही निसटतात.