जुन्या शेव्हरोले पिकअपचे मागचे ड्रम ब्रेक पुन्हा कसे बांधतात?

अमेरिकन गॅरेजच्या रील्स तुमच्या फीडवर येत असतील तर हा सीन तुम्ही नक्की पाहिला असेल. गंजलेली जुनी पिकअप जॅकवर चढलेली, मागचं चाक काढलेलं, ड्रमवर हातोड्याचे चार ठोके. ड्रम सुटतो, आतून काळी भुकटी सांडते. मग तो माणूस एअर गन घेतो, फुर्रकन हवा मारतो आणि सगळा धुरळा हवेत. बघायला भारी वाटतं, खाली इमोजींचा पाऊस पडतो.

त्या धुरळ्यात अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं. त्यामुळे या कामाची सुरुवात खरं तर तिथूनच करायला हवी. पण आधी गाडी कुठली आणि ब्रेक कसला, ते बघू.

उदाहरणाला घेऊ शेव्हरोले सी-१०, १९६७ ते १९७२ या काळातली. अमेरिकेत जुन्या पिकअप दुरुस्त करणाऱ्यांची ही लाडकी गाडी. सुरुवातीला तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. १९७१ पासून पुढे डिस्क ब्रेक आले, मागे मात्र ड्रमच राहिले. आपल्याकडे हे फार परकं वाटायचं कारण नाही. बोलेरोच्या मागच्या चाकांना ड्रम असतात, अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या चाकालाही. इतकंच काय, फोक्सवॅगनच्या आयडी-४ या इलेक्ट्रिक गाडीलाही कंपनीने मागे ड्रमच दिले. मोटर स्वतःच गाडीचा वेग कमी करत असल्यामुळे तिथे मागच्या ब्रेकला फारसं काम उरत नाही, आणि बंद ड्रमच्या आत गंज कमी लागतो.

सी-१० च्या मागचा ब्रेक ज्या पद्धतीचा आहे तिला ड्युओ-सर्वो म्हणतात. बेंडिक्स या अमेरिकन कंपनीमुळे ती जगभर गेली. ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू असतात. वर दोघांच्या मधोमध एक जाड खुंटी, म्हणजे अँकर पिन. तिच्या खाली व्हील सिलिंडर, जो ब्रेक ऑइलच्या दाबाने दोन्ही शू बाहेर ढकलतो. आणि तळाला दोन्ही शूंना जोडणारा दातेरी चाकाचा अ‍ॅडजस्टर.

आता गंमत बघा. गाडी पुढे जात असताना ब्रेक दाबला की फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्यासोबत खाली ओढतो. तो शू अ‍ॅडजस्टरमधून मागच्या शूला धक्का देतो. मागचा शू वर सरकून अँकर पिनवर टेकतो आणि ड्रमवर आणखी घट्ट आवळला जातो. दाराखाली पाचर मारली की दार जितकं ढकलाल तितकी ती घट्ट बसते, तसंच. म्हणजे चाकाची स्वतःचीच ताकद चाक थांबवायला वापरली जाते. म्हणूनच पॉवर ब्रेक नसलेली जड पिकअपसुद्धा पायाच्या जोरावर थांबायची.

यातूनच या कामातली सगळ्यात मोठी चूक जन्माला येते. जास्त मेहनत मागचा शू करतो, म्हणून त्याचं लायनर लांब असतं. पुढच्या शूचं आखूड. नवीन सेट खोक्यातून निघाला की चारही शू बघायला जवळपास सारखेच वाटतात, आणि घाईत लांब लायनर पुढे नि आखूड मागे बसतं. गाडी थांबते, त्यामुळे लगेच कळतही नाही. पण आखूड लायनर भराभर झिजतं आणि ब्रेकची पकड बिघडते. एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल: लांब लायनर गाडीच्या मागच्या दिशेला.

धुरळ्याचं काय करायचं?

आपल्याकडे अ‍ॅसबेस्टॉस म्हटलं की सिमेंटचे पत्रे आठवतात. पण उष्णता सोसणारं म्हणून ते कित्येक दशकं ब्रेक लायनरमध्येही भरलं जायचं. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की तिथेच राहतात, आणि त्यातून होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग कधी कधी ३०-४० वर्षांनी उघड होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८९ मध्ये बंदी आणली होती, पण १९९१ मध्ये न्यायालयाने तिचा बराचसा भाग रद्द केला. क्रायसोटाइल अ‍ॅसबेस्टॉसवर, सुट्या विकल्या जाणाऱ्या ब्रेक लायनरसह, बंदीचा नियम आला तो थेट मार्च २०२४ मध्ये. त्यामुळे पन्नास वर्षं जुन्या गाडीत कुठल्या काळातलं लायनर बसलंय हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. आहेच असं समजून वागायचं.

म्हणजे हवा मारायची नाही. कोरडा ब्रशही नाही. तिथल्या कामगार सुरक्षा नियमांनुसार गॅरेजमध्ये हेपा फिल्टरचा बंदिस्त व्हॅक्यूम किंवा कमी दाबाची ओली सफाई वापरतात. घरी करणाऱ्याने भुकटी आधी पाण्याने हळूच भिजवायची, ओल्या फडक्याने टिपायची, फडकं पिशवीत बांधून टाकायचं. खाली ट्रे ठेवायचा. साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना अडण, मागचा अ‍ॅक्सल भक्कम स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही. पार्किंग ब्रेक सोडायचा (आपला हँडब्रेक, या गाडीत तो पायाने दाबायचा असतो). ड्रम निघत नसेल तर उगाच घण घालू नका. वर्षानुवर्षं झिजून ड्रमच्या आत कड तयार होते आणि शू तिच्यामागे अडकतात. अशा वेळी अ‍ॅडजस्टर सैल करावा लागतो.

आणि एकाच वेळी दोन्ही बाजू उघडू नका, प्लीज. आतल्या स्प्रिंगा, पट्ट्या, खिळे यांची रचना कुणालाच पाठ नसते. एक बाजू जोडलेली ठेवली की तोच नकाशा. शिवाय मोबाइलवर फोटो काढा, स्प्रिंगचा रंग दिसेल असे. रिटर्न स्प्रिंग काढताना चष्मा हवाच. त्या ताणलेल्या असतात आणि सुटल्या तर थेट तोंडावर येतात. शू काढल्यावर घरातल्या कुणालाही पेडल दाबू देऊ नका, नाहीतर सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडून पडतील.

शू ओले दिसले तर?

इथे थोडं थांबायला हवं, कारण बरेच जण नवे शू टाकतात आणि महिनाभरात पुन्हा तिथेच येतात. ओल दोन ठिकाणांहून येऊ शकते. पातळ द्रव, व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीमागे साचलेला, म्हणजे ब्रेक ऑइल. घट्ट, गंधकासारखा उग्र वास असलेलं तेल म्हणजे अ‍ॅक्सलचं गिअर ऑइल, आणि मग दोष ब्रेकचा नाहीच, अ‍ॅक्सलचं सील गेलंय. ते न बदलता नवे शू घातले तर तेही तेल पिणार. तेल प्यालेलं लायनर धुऊन वापरायचा जुगाड करू नका, ते टाकूनच द्यायचं.

व्हील सिलिंडर गळत असेल तर आतून उघडायचा. दोन पिस्टन, दोन रबरी कप, मध्ये स्प्रिंग, एवढंच असतं. आतला पृष्ठभाग हलका घासून गुळगुळीत होत असेल तर नवं किट चालतं. खड्डे पडले असतील तर अख्खा सिलिंडर बदला. कपची उघडी बाजू आत, ऑइलच्या दिशेला. आणि सफाईला पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल अजिबात नको. आपल्याकडे हात धुण्यापासून बेअरिंगपर्यंत सगळं रॉकेलने साफ करायची सवय असते, पण खनिज तेल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं. बसवताना नवं ब्रेक ऑइलच लावायचं.

हा भाग इतका महत्त्वाचा का? १९६६ पर्यंतच्या शेव्हरोले पिकअपमध्ये मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा होता. एका चाकाचा कप फाटला की ऑइल जायचं आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम गायब. १९६७ पासून पुढचा आणि मागचा असे दोन कप्पे आले. आता मागचा सिलिंडर फुटला तरी पुढचे ब्रेक उरतात, पण पेडल बरंच खाली जातं. जुनी एक-कप्पी गाडी चालवणारे बरेच जण म्हणूनच आधी दोन-कप्पी मास्टर सिलिंडर बसवून घेतात. माझ्या मते रंगाच्या आधी यावर खर्च व्हायला हवा.

ड्रमही तपासायचा. तडा असेल तर थेट भंगारात. चरे असतील तर लेथवर टर्न करता येतो, पण त्याला मर्यादा असते. सी-१० चा मागचा ड्रम मुळात ११ इंचांचा. तो जास्तीत जास्त किती मोठा चालेल ते बहुतेक ड्रमवर कोरलेलं असतं. त्यापुढे गेला तर पातळ ड्रम लवकर तापतो, फुगतो, आणि शूपासून लांब जातो.

शूच्या मागच्या लोखंडी प्लेटवर, शू जिथे घासतात तिथे उंचवटे असतात. त्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. लायनरला ग्रीसचं बोटही लागता कामा नये. अ‍ॅडजस्टर साफ करून, आटे हाताने सहज फिरतात का बघा. डाव्या आणि उजव्या बाजूच्या अ‍ॅडजस्टरचे आटे उलट असतात. अदलाबदल झाली तर गाडी रिव्हर्स घेऊन ब्रेक मारल्यावर शू ड्रमच्या जवळ यायच्या ऐवजी आत सरकतात, आणि पेडल दिवसेंदिवस खाली जात राहतं. हो, हा ब्रेक स्वतःला अ‍ॅडजस्ट करतो तो रिव्हर्समध्येच: मागचा शू अँकरपासून सुटतो आणि पट्टी दातेरी चाकाचा एक दात पुढे ढकलते.

तरी पहिलं सेटिंग हातानेच करावं लागतं. ड्रम चढवून फिरवला की शूचा हलका घासल्याचा आवाज यावा, पण ड्रम अडकू नये. पार्किंग ब्रेकची केबल या वेळी सैल हवी. तिचा नंबर सगळ्यात शेवटी.

मग हवा काढायची. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे अमेरिकेतल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं उजवं. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. वरचा डबा मध्येच रिकामा झाला तर पुन्हा पहिल्यापासून. ऑइल डॉट ३, सीलबंद डब्यातलं. ते हवेतली ओल ओढतं: नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असतो, ओल धरलेल्याचा किमान १४०. सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका. आणि रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये अजून हवा आहे. पेडल खाली जातं पण दोन-तीनदा पंप केल्यावर वर येऊन कडक होतं, तर हवा नाही, शू ड्रमपासून लांब आहेत.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात. बेताचे काही ब्रेक मारा, मध्ये थंड होऊ द्या, मग काही वेळा रिव्हर्स घेऊन थांबा. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, त्यामुळे जोरात दाबलं तर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी घसरू शकते. परत आल्यावर दोन्ही ड्रमजवळ तळहात न्या, टेकवू नका. एक बाजू भट्टीसारखी आणि दुसरी गार असेल तर गरम बाजूचं सेटिंग घट्ट झालंय किंवा केबल अडकलीय. रात्रभर मागच्या चाकांखाली पुठ्ठा टाकून ठेवा आणि सकाळी त्यावर डाग आहे का ते बघा.