शाळेचा निरोप घरापर्यंत

विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यात बोलणे-चालणे असावे, हे आज कोणाला पटवून द्यावे लागत नाही. प्रश्न एवढाच की, ते कोणी, कोठे आणि कोणत्या वेळी करावयाचे? आमच्या वऱ्हाडाच्या इतिहासात याचे एक उत्तर सापडते.

गाडगेबाबांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परिटाच्या घरी झाला. वडील लवकर वारले. बालपण मूर्तिजापूर भागात, दापुऱ्याला मामाकडे गुरे राखण्यात गेले. शाळा त्यांना लाभली नाही. सावकाराच्या कागदापुढे निरक्षर घराची काय गत होते, हे मात्र त्यांनी मामाच्या शेतीपायी जवळून पाहिले. पुढे ते दिवसा खराट्याने गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात सांगत की, ताट मोडा, भाकर हातावर घेऊन खा. पण मुलाला शाळेत घाला.

या सांगण्याची रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. वेळ रात्रीची, कारण दिवसा माणसे शेतात. भाषा घरची, वऱ्हाडी. आणि बाबा नुसता उपदेश करीत नसत. प्रश्न विचारीत आणि उत्तर समोरच्या लोकांकडून वदवून घेत. चारचौघांत आपल्या तोंडाने दिलेले उत्तर माणूस सहसा विसरत नाही.

त्याच काळात, 1932 साली, पापळच्या शेतकरी घरात जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. शाळा निघाल्या, तरी मुलगा तेथवर पोचण्यासाठी आधी घर राजी व्हावे लागते. ते काम कीर्तनाने केले.

आता कायदाही पालकांच्या बाजूस आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश जागा पालकांना दिल्या. एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असेही ठरविले. परंतु सभा भर दुपारी बोलावली, तर कापूस वेचणारी बाई किंवा बाजार समितीतला हमाल येणार कसा? आला तर रोजी बुडते. न आला तर बेफिकीर म्हणून नाव पडते. मग प्रगतिपुस्तकावर अंगठा तेवढा उमटतो, आणि आपले मूल कोठे अडले हे घराला कळतच नाही.

कामगारांत काम करताना आम्ही एक धडा शिकलो. पाळी सुटण्याची वेळ साधून फाटकाशी उभे राहावे, तेव्हा सभा भरते. शाळेनेही महिन्यातून एक सांज वस्तीत यावे. मुलाला समोर बसवावे, वऱ्हाडीत बोलावे आणि पहिला प्रश्न आईबापांना विचारू द्यावा. अमरावतीच्या विद्यापीठास आज गाडगेबाबांचे नाव आहे. त्यांची रीतही आपल्या शाळांनी उचलावी, एवढेच आमचे मागणे आहे.