सुवानी फुटबॉल संघ, १८९९
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेनेसी राज्याच्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ. कंबरलंड पठारावरील सुवानी या गावी विद्यापीठ असल्याने संघासही तेच नाव रूढ झाले. एपिस्कोपल चर्चशी संलग्न असलेल्या या लहान संस्थेच्या संघाने १८९९ च्या हंगामात बाराही सामने जिंकले; एकूण ३२२ गुण मिळविले आणि प्रतिपक्षांना केवळ १० गुण मिळू दिले.

हंगामाचा प्रारंभ ऑक्टोबरमध्ये झाला. जॉर्जिया (१२–०), जॉर्जिया टेक (३२–०), टेनेसी (४६–०) व साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन (५४–०) हे संघ क्रमाने पराभूत झाले. व्हँडरबिल्टबरोबरचा नेहमीचा किफायतशीर सामना प्रवेशशुल्काच्या वाटणीवरील वादामुळे झाला नाही. ही तूट भरून काढण्यासाठी संघाचा विद्यार्थी व्यवस्थापक ल्यूक ली याने दक्षिणेकडील राज्यांचा सु. ४,००० किमी.चा रेल्वेदौरा आखला. दौऱ्यात ९ नोव्हेंबरला टेक्सस (१२–०), १० ला टेक्सस ए अँड एम (१०–०), ११ ला तुलेन (२३–०), रविवारच्या विश्रांतीनंतर १३ ला लुइझिॲना (३४–०) आणि १४ ला मिसिसिपी (१२–०) या विद्यापीठांचे संघ हरले. सहा दिवसांत पाच सामने जिंकताना सुवानीने एकही गुण गमावला नाही.

या यशाचे मोल तत्कालीन नियम ध्यानात घेतल्यावरच कळते. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकणे आवश्यक असे. चेंडू पुढे फेकण्यास १९०६ पर्यंत मुभा नव्हती. त्यामुळे खेळाचा भर एकवटलेल्या शारीरिक धडकेवर असे. तेच खेळाडू चढाई व बचाव ही दोन्ही कामे करीत आणि बदली झालेल्या खेळाडूस त्या सामन्यात परतता येत नसे.

दौऱ्यानंतर कंबरलंडवर ७१–० असा विजय मिळाला. ३० नोव्हेंबरला जॉन हाइझमन याच्या मार्गदर्शनाखालील ऑबर्न संघाने कडवी झुंज दिली. सुवानी ११–१० अशा एका गुणाने जिंकला. हंगामात त्याच्याविरुद्ध गुण मिळविणारा हा एकमेव संघ होय. २ डिसेंबरला अटलांटा येथे नॉर्थ कॅरोलायनाचा ५–० असा पराभव करून हंगाम संपला. हर्मन सूटर हे संघाचे प्रशिक्षक, तर हेन्री सीबल्स हा कर्णधार होता. ली पुढे अमेरिकेच्या सीनेटचा सदस्य झाला (१९११–१७).

दक्षिणेकडील संघांची ईशान्येतील हार्व्हर्ड, येल यांसारख्या नामांकित संघांशी गाठ क्वचितच पडे. त्यामुळे या संघाचा राष्ट्रीय दर्जा केवळ निकालांवरून ठरविता येत नाही. तथापि लहान संस्थेला मोठ्या विद्यापीठांशी बरोबरी करता येण्याचा तो काळ होता. प्रेक्षागारे, उत्पन्न व क्रीडा शिष्यवृत्त्या वाढत गेल्या, तशी ही शक्यता संपुष्टात आली. ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’ या संघटनेचा १९३२ पासून संस्थापक सदस्य असलेल्या सुवानीला तीत फुटबॉलचा एकही सामना जिंकता आला नाही. १९४० मध्ये तो तीतून बाहेर पडला. पुढे विद्यापीठाने क्रीडा शिष्यवृत्त्यांचा मार्ग सोडून हौशी खेळाचे धोरण पत्करले. ज्या उत्पन्नाच्या विवंचनेतून १८९९ चा दौरा निघाला, त्याच अर्थकारणाने पुढे अशा संघांना स्पर्धेच्या अग्रभागातून दूर सारले.