निपाणी भागातील तंबाखूची घरगुती वाळवणी आणि अबकारी कायदा (१९४३–१९७९)

अकबराचा वकील असद बेग हा विजापूरच्या आदिलशाही दरबारी गेला असता तेथे त्याला तंबाखू आढळली, आणि परतल्यावर १६०४-०५ च्या सुमारास त्याने ती बादशहापुढे सादर केली, ही हकीकत त्याच्याच वृत्तान्तात आली आहे. हकिमांनी या अपरिचित वनस्पतीविषयी शंका घेतली, तरी बादशहाने थोडे झुरके ओढून पाहिले. प्रसंग मोठा मनोरंजक आहे. परंतु दख्खनच्या अभ्यासकास त्यातील महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटेल. मोगल दरबारात जी वस्तू नवलाची होती, ती विजापुरास त्यापूर्वीच परिचयाची झाली होती. १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूच्या सेवनास मनाई केली. त्या मनाईने हे पीक थांबले नाही, हे सांगावयास नकोच.

राज्यसत्तेने तंबाखूकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहिले ते प्रथम बंदरांत आणि बाजारपेठांत. ब्राझीलमधील बाइया प्रांताची तंबाखू गोव्यात उतरे आणि तिच्या विक्रीचा मक्ता पोर्तुगीज राजसत्तेने आपल्या हाती ठेवला होता. मुंबई शहरापुरता तंबाखूच्या जकातीचा कायदा १८५७ साली झाला. जहाजातून उतरलेला किंवा शहराच्या नाक्यावर आलेला माल मोजणे सोपे असते. शेतात उगवलेले आणि शेतकऱ्याच्या अंगणात वाळलेले पान मोजणे ही निराळी गोष्ट होय. १९२४-२५ च्या कर-चौकशी समितीनेही तंबाखूवरील कराचा विचार केला. पण पानावर देशभर कर बसण्यास पुढे आणखी जवळजवळ दोन दशके जावी लागली. हे पान अखेर सरकारने कसे गाठले, आणि त्यामुळे उत्पादकाच्या स्थितीत कोणता फरक पडला, हे पाहण्यास निपाणीचा प्रदेश विशेष उपयोगी आहे.

निपाणी व तिच्या आसपासची गावे पूर्वी मुंबई इलाख्यातील बेळगाव जिल्ह्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती म्हैसूर राज्यात गेली. येथील तंबाखू मुख्यतः विडीची. तिचे बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार दाणे भरतात. म्हणून ते राखेत वा वाळूत मिसळून वाफ्यात फेकावे लागते. पावसाळ्याच्या आरंभी वाफे टाकून साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरात रोपांची लावण होते. झाड कळीवर आले की शेंडा खुडतात. शेंडा खुडल्याबरोबर पानांच्या बेचक्यांतून फुटवे निघू लागतात आणि ते पुनःपुन्हा काढावे लागतात; एरवी झाडाचा कस फुटव्यांत जातो व पान पातळ राहते. हे काम वेळखाऊ आणि चिकट असते. ओल्या पानातील निकोटीन त्वचेतून शरीरात जाऊन मळमळ व घेरी येते, हे आज वैद्यकास ज्ञात आहे. शेतात राबणाऱ्या माणसांस ते अनुभवाने ठाऊक असणारच. डिसेंबरपासून पान जाड होते, त्यावर तांबूस ठिपके उमटू लागतात. विडीच्या व्यापारात या ठिपक्यांना मोल आहे.

यापुढील क्रिया पूर्णपणे घरच्या माणसांच्या हातची. आंध्रातील व्हर्जिनिया तंबाखू भट्टीच्या कोठारात, नळ्यांतून खेळवलेल्या उष्णतेवर वाळते. तिला बांधकाम लागते, जळण लागते, भांडवल लागते. निपाणीच्या पानास ऊन आणि दव पुरते. पाने जमिनीवर पसरून काही दिवस उन्हात ठेवतात व उलटतात. या अवधीत पान एकदम न मरता सावकाश मरावे लागते. त्यातील हिरवा रंग जातो, पिठूळ द्रव्याची साखर होते, आणि मग रंग पक्का होतो. घाईने वाळलेले पान हिरवेच राहते व त्यास उग्र, कच्चा वास येतो. वाळलेल्या पानास दिवसा हात लावला तर त्याचा चुरा होतो. म्हणून ते गोळा करावयाचे ते पहाटे, दवाने नरम झाल्यावर. नंतर ढीग रचतात. ढिगात पान तापते, आंबते आणि त्याचा वास मुरतो. मधली शीर ओली राहिली असेल तर आतून बुरशी धरते, म्हणून ढीग उलटावा लागतो. शीर वाळली की नाही हे ती मोडून, तिच्या आवाजावरून ठरवितात. ही पारख कोणत्याही पुस्तकात मावणारी नव्हे. शेवटी पाला बोदांत भरला जातो.

महायुद्धाच्या खर्चासाठी हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य सर जेरेमी रेझमन यांनी १९४३ च्या अंदाजपत्रकात तंबाखूवर अबकारी शुल्क बसविले. पुढील वर्षी तो कायदा केंद्रीय अबकारी व मीठ कायदा, १९४४ यात समाविष्ट झाला. या कायद्यातील एक व्याख्या मननीय आहे. कोमेजविणे, वाळविणे, आंबविणे आणि कच्चा माल विक्रीस वा कारखान्यास योग्य करणारी कोणतीही क्रिया, या साऱ्यांचा समावेश तिने पानाच्या ‘संस्करणा’त केला. म्हणजे अंगणात पाने उलटणारी बाई आणि पहाटे ढीग रचणारा तिचा नवरा हे कायद्याच्या भाषेत संस्करण करणारे झाले. लागवडीचे क्षेत्र कळविणे, वाळलेल्या मालाचा हिशेब देणे आणि तो परवानाधारकासच विकणे ही बंधने त्यांच्यावर आली. शेतसारा प्रांताच्या तिजोरीत जाई, पानावरचे शुल्क मध्यवर्ती सरकारच्या. संविधानाच्या संघसूचीतील ८४ व्या नोंदीत अबकारी शुल्काच्या विषयांत तंबाखूचे नाव स्पष्टपणे घातलेले आहे. त्यामुळे १९५६ साली निपाणीचे राज्य बदलले तरी शुल्काचा अंमलदार बदलला नाही.

शुल्काचा भरणा प्रत्यक्षात व्यापारी करी, तोही माल सरकारी नियंत्रणाखालील वखारीतून बाहेर काढताना. यावरून शेतकऱ्यावर बोजा नव्हता असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. ज्याच्याकडे परवाना, वखार आणि शुल्क भरण्याइतके भांडवल, तोच गिऱ्हाईक होऊ शके. लहान खरेदीदारास या व्यवहारात स्थान उरले नाही. शिवाय शुल्क किमतीवर नसून वजनावर होते. सबब हलक्या पाल्यावर त्याचा भार प्रमाणाने अधिक पडे आणि भाव ठरविताना ती वजावट खाली, उत्पादकाकडे सरके. यात वाळवणीच्या कालक्रमाची भर पडली. जानेवारी-फेब्रुवारीत वाळलेला पाला पावसाळ्यापूर्वी विकला गेला नाही तर शेतकऱ्याच्या घरातील ओलाव्याने तो बिघडतो. व्यापाऱ्यास वखार होती आणि म्हणून त्यास थांबता येई. शेतकऱ्यास थांबता येत नसे. कायद्याने ही विषमता निर्माण केली असे म्हणता येणार नाही, ती पानाच्या स्वभावातच होती. परंतु कायद्याने तिला परवान्याचे कुंपण घातले.

तंबाखू मंडळाचा कायदा १९७५ साली झाला आणि १ जानेवारी १९७६ पासून मंडळ कामास लागले. त्याचे लक्ष व्हर्जिनिया तंबाखूवर होते, कारण परदेशी चलन तीच मिळवी. विडीच्या पानास त्याचे संरक्षण मिळाले नाही. १९७९ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री चरणसिंग यांनी कच्च्या तंबाखूवरील शुल्क रद्द केले. छत्तीस वर्षांनी अंगण मोकळे झाले. मात्र गिऱ्हाईक, वजनकाटा आणि वखार पूर्वीच्याच हातांत राहिली, आणि भावाचा प्रश्न शुल्काबरोबर सुटला नाही.

तो प्रश्न दोन वर्षांनी रस्त्यावर आला. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १४ मार्च १९८१ पासून तंबाखू-उत्पादक निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. या आंदोलनाची तारीख पाहताना पिकाचे पंचांग ध्यानात घ्यावे. मार्चमध्ये पाला वाळून तयार असतो आणि पावसाळ्यास जेमतेम अडीच-तीन महिने उरलेले असतात. व्यापाऱ्याशी भाव बोलण्यास शेतकऱ्याजवळ असतो तो एवढाच काळ. चोविसाव्या दिवशी, ६ एप्रिल रोजी पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बारा शेतकरी मृत्युमुखी पडले.