देवराई राखली, म्हणून पाणी राहिलं



सह्याद्रीच्या अनेक गावांत देवाच्या नावानं राखलेलं रान असतं. कुणी देवराई म्हणतं, कुणी देवरहाटी. तिथला नियम जुना : वाळकी काटकीसुद्धा सरपणाला न्यायची नाही. नियम देवाच्या नावाचा, पण पाळला तो गावानं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ हे दोन शास्त्रज्ञ पुण्याहून गावोगाव फिरून देवरायांची पाहणी करत होते. तेव्हा श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावानं त्यांची मदत मागितली. गावची देवराई तोडली जाणार होती. गावाचा ओढा तिथूनच उगम पावत होता. झाडं गेली की पाणी आटेल, हे गावकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. दोघांनी जाऊन पाहिलं, वनखात्याला समजावलं आणि ती राई वाचली.

झाडांचा आणि पाण्याचा संबंध काय? राईतला पालापाचोळा कुजून माती भुसभुशीत होते. पावसाचं पाणी धावून न जाता मुरतं आणि पुढे झऱ्यातून हळूहळू बाहेर येतं. झरा आटला, तर हंडा घेऊन लांब कोणाला जावं लागतं, हे मी सांगायला नको.

राईचा आधार पाखरांनाही असतो. उन्हाळ्याच्या तोंडाला धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते. चोच मावेल एवढीच फट ठेवते. नर उंबर-वडाची फळं आणून तिला भरवतो आणि फिरता फिरता रानभर बिया टाकतो. ढोलीचं म्हातारं झाड तोडलं, की तिचं बाळंतपणाचं घरच गेलं.

आज देवळाचा जीर्णोद्धार निघाला की कधी कधी राईवरच कुऱ्हाड पडते. म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवूया. देवळाच्या कामासाठी जुनी झाडं पडू द्यायची नाहीत. पावसाळ्यात रानभाजी खुडताना मुळं आणि कंद जमिनीत राहू द्यायचे. आणि ग्रामसभेत विचारायचं : २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावाची लोक जैवविविधता नोंदवही कुठे आहे? तिच्यात आपली देवराई, झरे, रानभाज्या लिहिल्या आहेत का?

नसतील, तर आपण सांगून लिहून घ्यायच्या. कुठली भाजी कधी उगवते आणि कुठला झरा कधी आटतो, हे आपल्याइतकं कोणाला माहीत आहे?