पिनकोड, राउटर आणि मेमरीच्या खेपा

संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आला. तेव्हापासून जबलपूर जिल्ह्यातील मझौलीचे पत्र मुंबईत वेगळे काढणाऱ्याला मझौली कोठे आहे हे ठाऊक असण्याची गरज उरली नाही. आरंभीचे ४८ हे अंक पाहून ते मध्य प्रदेशाकडे रवाना होते.

इंटरनेटचा राउटरही पत्त्याचा आरंभीचा भाग, म्हणजे उपसर्गच पाहतो. परंतु १९९३ मध्ये वर्गरहित पत्तापद्धती आली आणि उपसर्गाची लांबी ठरावीक राहिली नाही. ३२ बिटांच्या एका पत्त्याशी कोष्टकातील अनेक उपसर्ग जुळू शकतात. त्यांतील सर्वांत लांब तो निवडायचा. एकेक बिट तपासत गेल्यास मेमरीकडे ३२ खेपा पडू शकतात, आणि वेळ जातो तो या खेपांतच.

१९९७ मध्ये स्वीडनमधील लुलेओ येथील संशोधकांनी कोष्टक इतके आवळले की ते प्रोसेसरच्या कॅशेत मावले. स्टॅनफोर्डच्या पंकज गुप्ता, स्टीव्हन लिन व निक मॅकीऑन यांनी १९९८ मध्ये उलट वाट धरली: पहिले २४ बिट एकदम वाचायचे. खेपा फार तर दोन. मात्र त्यासाठी १,६७,७७,२१६ नोंदींची मेमरी हवी. लुलेओचे कोष्टक देखणे खरे, पण एक मार्ग बदलला तरी त्याचा मोठा भाग पुन्हा रचावा लागे. मार्ग तर दिवसभर बदलतच असतात.

हा पेच सोडवणाऱ्यांत पवईच्या आयआयटीतून १९८१ साली पदवी घेतलेले जॉर्ज वर्गीस होते. विल ईदर्टन व झुबिन दित्तिया यांच्यासह त्यांनी मांडलेली ‘ट्री बिटमॅप’ पद्धत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात, उदाहरणार्थ, एका वेळी चार बिट वाचले जातात. पुढे १६ वाटा फुटतात; पण १६ पत्ते साठवण्याऐवजी प्रत्येक वाटेसाठी एकच बिट ठेवला जातो, वाट असल्यास १, नसल्यास ०. अस्तित्वात असलेल्या वाटांच्या गाठी मेमरीत एकापाठोपाठ मांडलेल्या असतात. त्यामुळे रांगेच्या आरंभाचा एक पत्ता पुरतो. हव्या वाटेपूर्वी किती १ आले ते मोजले की तिची जागा कळते, आणि ही मोजणी चिपवर अत्यंत स्वस्त पडते. गाठीतच संपणाऱ्या उपसर्गांसाठी आणखी १५ बिट लागतात. नवा मार्ग आला तर बहुधा एका गाठीची छोटी रांग तेवढी नव्याने लिहायची.

सिस्कोच्या सीआरएस-१ या महाराउटरमध्ये हीच पद्धत वापरली गेली.