कल्याणहून येणारी पुस्तकं

आजीचं माहेर कल्याणचं. तसं लांब नव्हे. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, की आलंच बदलापूर. पण लग्न होऊन ती इथे आली आणि आठ दिवसांत तिने आजोबांना विचारलं म्हणे, "इथे वाचनालय कुठे आहे हो?"

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. त्याआधी रत्नागिरीला १८२८ मध्ये आणि नाशिकला १८४० मध्ये अशी वाचनालयं निघाली होती. कल्याणला आगगाडी आली १८५४ साली, आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या लोकांनी पुस्तकांची सोय केली. आजीचे वडील हे फार अभिमानाने सांगत. संध्याकाळी दिवेलागण झाली की त्यांची पावलं आपसूक तिकडे वळत. पेपर वाचायचा, चार माणसांशी बोलायचं, येताना आजीसाठी एक पुस्तक. अशा घरातली मुलगी ती.

आजोबा अंबरनाथला विमकोत, म्हणजे काडेपेट्यांच्या कारखान्यात कामाला. स्वभावाने अबोल. पण बायकोची ही ओढ त्यांच्या लक्षात आली आणि सुट्टीच्या दिवशी ते कल्याणची गाडी धरू लागले. सासऱ्यांच्या नावावर दोन पुस्तकं काढायची, वाचून झालेली परत करायची. आजी कागदाच्या कपट्यावर नावं लिहून द्यायची. त्यातलं काही नसलं तर तिथले ग्रंथपाल आपल्या मनाने देत. हे किती वर्षं चाललं? आत्या म्हणते दहा, बाबा म्हणतात चारपाच. दोघंही ठासून सांगतात.

एक पुस्तक घरात आलं की ते एकट्या आजीचं राहत नसे. दुपारी आमच्या ओटीवर आळीतल्या बायका जमत. मोड आलेले वाल गरम पाण्यात टाकलेले असत. सगळ्यांनी मिळून डाळिंब्या सोलायच्या आणि आजीने वाचायचं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' चालू असताना कितीतरी दिवस वाल अर्धेच सोलून झाले, असं आत्या सांगते. त्या बायकांत एक आगरीण होती, तिला अक्षर ओळखता येत नसे. पण मागच्या खेपेला गोष्ट कुठे थांबली, कोण काय बोललं, हे तिच्याइतकं कुणालाच आठवत नसे. जांभळांच्या दिवसांत ती पळसाच्या पानात जांभळं घेऊन यायची. पुस्तकाला डाग पडू नयेत म्हणून आजी ती वाचून झाल्यावरच खाऊ द्यायची.

आजोबांचीही एक गोष्ट होती. १९२७ चा मे महिना. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला दोन महिनेही झाले नव्हते, आणि बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाला अध्यक्ष म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. आजोबा तेव्हा लहान. वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलं म्हणायचे. भाषणातलं त्यांना काही आठवत नव्हतं. मोठेपणी, बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधलं हे कळल्यावर मात्र ते म्हणत, "एवढा वाचणारा माणूस आपल्या गावात येऊन गेला, आणि आपल्या गावात पुस्तकांना खोली नाही!" ही खंत त्यांनी फार वर्षं बाळगली.

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजोबांच्या ओळखीचे एक सिंधी गृहस्थ तिथे होते, घरदार मागे टाकून आलेले. सोबत त्यांनी एक पोथी तेवढी आणली होती. आजोबा त्यांना मराठी वर्तमानपत्र वाचून दाखवत आणि ते आजोबांना दाल-पकवान खायला घालत. वाचनाने जोडलेली ती मैत्री शेवटपर्यंत टिकली.

पुढे मुंबईच्या चाळींतून माणसं बदलापुरात येऊ लागली. जागा परवडायची, हवा चांगली, आणि गाडी होती. १९६७ च्या कायद्याने राज्यातल्या सार्वजनिक वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला होता. आमच्या गावातही कुणी ना कुणी पुस्तकांचं कपाट मांडू लागलं. मला आठवतात ती वर्तमानपत्रांची लांब टेबलं. दिवसभर गाडीला लोंबकळून आलेली, एकमेकांची नावंही माहीत नसलेली माणसं तिथे शेजारी बसायची. पेपरची पानं वाटून घ्यायची. त्यातूनच कळायचं, कुठे खोली भाड्याने आहे, कोणत्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, कोणाची मुलगी लग्नाची आहे. नवख्या बदलापूरकरांना शेजार मिळाला तो त्या टेबलांवर, असं मला मनापासून वाटतं. आजीही जायची. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने शेरे लिहिलेले असत: 'छान', 'शेवट पटला नाही'. ती ते आधी वाचायची. स्वतः कधी लिहिलं नाही. पुस्तकावर लिहू नये, हा तिच्या वडिलांचा नियम.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी गावात शिरली. आमच्या खालच्या खोलीत आजीची ट्रंक होती, 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री'चे जुने अंक भरलेली. आजी तेव्हा नव्हती. आत्याने दोऱ्या बांधून ते अंक वाळत घातले. बरेच गेले, काही वाचले. घरात सगळे म्हणाले, रद्दीवाल्याला बोलाव. आत्या ऐकेना.

अशा वाचलेल्या कागदांची कदर करणारं ठिकाण आमच्याच गावात आहे, ही बदलापूरची श्रीमंती. कलाशिक्षक श्याम जोशी यांनी उभं केलेलं 'ग्रंथसखा'. जुनी मराठी नियतकालिकं आणि दुर्मिळ पुस्तकं तिथे जपली आहेत. संशोधक लांबून शोधत येतात. लोकांनी माळ्यावरून काढून टाकलेल्या कागदांत एखाद्या अभ्यासकाची कित्येक वर्षांची पायपीट संपत असेल, हे तिथे गेलं की समजतं.

आत्या आता पंच्याहत्तरीची आहे. घराजवळच्या वाचनालयात रोज सकाळी जाते. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा देणारी मुलं खच्चून भरलेली असतात, पेपर वाचायलाही खुर्ची मिळत नाही. त्यातली एक विदर्भातून आलेली मुलगी आत्यासाठी खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरते. तिला डाळिंब्यांची उसळ माहीत नव्हती. आता आत्या दर गुरुवारी डबा नेते.